न सापडणारं वऱ्हाड

माकणीच्या बाजारगल्लीत गोपाळकृष्ण जोशी यांचा फोटो स्टुडिओ पस्तीस वर्षं चालला. आसपासच्या वीस-बावीस खेड्यांत कुणाचं लग्न असो, शाळेचा निरोप समारंभ असो की नव्या ट्रॅक्टरची पूजा असो, जोशी सायकलच्या कॅरिअरला कॅमेऱ्याची पेटी बांधून हजर व्हायचे. माणूस कमालीचा टापटिपीचा. प्रत्येक रोलच्या निगेटिव्ह ते कागदी पाकिटात घालायचे आणि पाकिटावर शाईनं तीन गोष्टी लिहायचे: गाव, साल आणि प्रसंग. पाकिटं पत्र्याच्या ट्रंकांत ठेवायचे. त्र्याण्णवच्या भूकंपात स्टुडिओची मागची भिंत आडवी झाली, पण सातही ट्रंका जशाच्या तशा निघाल्या.

त्यानंतर सहा महिने त्यांच्या दारात माणसं येऊन उभी राहत होती. कुणाला गेलेल्या बापाचा फोटो हवा होता, कुणाला लेकराचा. जोशींनी हाताला लागेल ते शोधलं, धुतलं आणि दिलं. पण डार्करूमच पडलेली, एकटा माणूस शोधून शोधून शोधणार किती? कितीजण रिकाम्या हातानं परत गेले, याची त्यांनी कधी कुणापाशी वाच्यता केली नाही. पुढं स्टुडिओ पुन्हा उभा राहिला, नवे रोल आले, मग रोलही गेले. त्या ट्रंकांना मात्र त्यांनी परत हात लावला नाही.

त्या उघडल्या त्यांच्या नातीनं, अर्पितानं. पंचवीस वर्षांची पोरगी, धाराशिवला इंजिनिअरिंग करून एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम माकणीतूनच करत होती. भूकंप तिच्या जन्माआधीचा. तिचा चुलतभाऊ कैवल्य पुण्याहून सुट्टीला आला होता, तेव्हा दोघांनी मिळून आजोबांच्या मागं लागून परवानगी काढली. पाच ट्रंका अर्पितानं स्वतःच्या विंडोज लॅपटॉपवर स्कॅन केल्या. दोन कैवल्य पुण्याला घेऊन गेला. त्याच्याकडं ॲपलचा मॅक होता. सात महिने हे काम चाललं. निगेटिव्हवर माणसांचे चेहरे काळे आणि केस पांढरे दिसायचे. स्कॅनरचा उजेड फिरून गेला की तीच माणसं स्क्रीनवर उलटून, अंगात जीव आल्यासारखी समोर बघायला लागायची. कितीदा असं झालं तरी अर्पिताला त्याची सवय झाली नाही. एकूण अकरा हजार तीनशे चाळीस फोटो झाले.

शेजारचं एक गाव भूकंपात पार बसलं होतं आणि आता ते दोन मैल अलीकडं नव्या जागी वसलेलं आहे. तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना हे कळलं. तीस सप्टेंबरला गेलेल्यांची आठवण म्हणून गाव दरवर्षी शाळेत जमतं. या वर्षी ते फोटो हॉलमधल्या भिंतीवर मोठे करून दाखवावेत, असं त्यांनी सुचवलं. अर्पितानं त्यासाठी छोटासा प्रोग्रॅम लिहिला. गाव निवडा, साल निवडा, प्रसंग निवडा, फोटो समोर. आजोबांच्या पाकिटांवर जे होतं तेच तिनं यादी म्हणून टाइप केलं होतं. लॅपटॉपवर सगळं लोण्यासारखं चाललं.

शनिवारी सकाळी ती आजोबांना, तिच्या आबांना, घेऊन शाळेत गेली. शाळेचा कॉम्प्युटर विंडोजवर नाही, लिनक्स या दुसऱ्या प्रणालीवर चालणारा होता. तिनं सगळं त्यावर चढवलं, कैवल्यनं पाठवलेली झिप फाइलही थेट तिथंच उघडली, आणि प्रोग्रॅम सुरू केला. भिंतीवर राखाडी चौकोन आले. चौकोनांच्या रांगाच रांगा, आणि एकातही फोटो नाही.

"गेले का गं सगळे?" आबांचा आवाज एकदम बारीक झाला.

"नाही आबा. फोटो आहेत. फक्त त्यांच्यापर्यंत जायचा पत्ता मी चुकीचा लिहिलाय."

तिनं फळ्यावर खडूनं दोन रेघा ओढल्या. एक डावीकडून खाली उजवीकडं उतरणारी, दुसरी तिच्या उलट, खालून वर उजवीकडं चढणारी. "हे बघा. माकणी, त्याच्या आत नव्वद साल, त्याच्या आत लग्न. असं आत आत जाताना मध्ये एक रेघ द्यायची असते. विंडोज ही पहिली रेघ देतं, लिनक्स ही दुसरी. मी प्रोग्रॅममध्ये पहिलीच रेघ ठोकून दिली. लिनक्सला ती रेघ वाटतच नाही, तिला तो नावातलंच एक अक्षर समजतो. म्हणजे 'माकणी, नव्वद, लग्न' हे सगळं मिळून एकाच माणसाचं लांबलचक नाव आहे असं त्याला वाटतंय, आणि असा कुणी माणूस त्याच्याकडं नाही."

"पण दोघांनी दोन रेघा का घेतल्या?"

"एकाकडं ती चढती रेघ आधीच दुसऱ्या कामाला लावून ठेवली होती. मग पत्त्यासाठी उलटी घेतली. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हापासून तशीच चाललीय."

आबांनी फळ्यावरच्या दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "माझे वडील निजामाच्या शाळेत शिकले. त्यांची एक वही होती. पुढून उघडली की मराठी, डावीकडून उजवीकडं. मागून उघडली की उर्दू, उजवीकडून डावीकडं. मधल्या पानावर दोन्ही येऊन भेटायच्या. मी लहानपणी त्या पानाकडं बघत बसायचो. कळायचं काहीच नाही, पण बघत बसायचो." आणि अर्पिताकडं वळून, "मग तुझ्या प्रोग्रॅमला दोन्हीकडून वाचता येत नाही का?"

"येतं की. मीच आळस केला. रेघ आपण लिहायचीच नसते. नुसतं सांगायचं, हे गाव, हे साल, हा प्रसंग. मध्ये कुठली रेघ द्यायची ते ज्या त्या मशीननं ठरवायचं."

तासाभरात तिनं ते बदललं. तरी अर्धे चौकोन राखाडीच राहिले. ते कारण तिला लगेच सापडलं. स्कॅनरनं काही फाइलींच्या नावामागं इंग्रजी मोठी अक्षरं लावली होती आणि तिच्या यादीत सगळी लहान होती. विंडोजला मोठं आणि लहान अक्षर एकच, लिनक्सला ती दोन वेगळी नावं. तेही सुधारलं.

आणि मग भिंत भरली. फेटे बांधलेले म्हातारे, बैलांच्या शिंगांना लावलेले गोंडे, दगडी ओट्यांवर उन्हाला बसलेल्या बायका, खांद्यावर पोरं घेतलेले बाप. ज्या गल्ल्या आता नाहीत त्या गल्ल्या. आबा खुर्चीतून उठले आणि भिंतीजवळ जाऊन उभे राहिले. प्रोजेक्टरच्या उजेडात त्यांच्या पांढऱ्या शर्टावर कुणाच्या तरी घराचं दार आलं. 

खालच्या कोपऱ्यात प्रोग्रॅमनं एक आकडा दाखवला होता. न सापडलेले फोटो: चारशे बारा. अर्पितानं तो पाहिला, पण तेवढ्यात शाळेची वीज गेली आणि ते काम सोमवारवर पडलं.

सोमवारी सकाळी ती हॉलचं दार उघडत होती तेव्हा पायरीवर एक पन्नाशीची बाई बसलेली दिसली. हिरवं लुगडं, हातात पिशवी. बाजूला तिशी ओलांडलेली एक तरुण बाई उभी होती. आबांना पाहून बसलेली बाई उठली.

"जोशीकाका, म्या उत्तरेश्वरची कमल. वळखलं का? ही माझी मोनिका. तामलवाडीला दिलीय."

आबांनी मान हलवली. उत्तरेश्वर त्यांना आठवत होता. सहा वर्षांपूर्वी वारला होता.

"तुमी नव्वद साली त्येंच्या लग्नात फोटो काढले व्हते म्हनं," कमलबाई म्हणाल्या. "माझ्या लग्नात न्हाय. त्येंच्या पैल्या लग्नात. शेवंताबाईच्या."

मग त्यांनी सगळं सांगितलं. शेवंता लग्न होऊन आली, दोन वर्षांनी मोनिका झाली. भूकंपाच्या आठवड्यात अंगावरचं दूध तोडायचं म्हणून पोरीला बेंबळीला आजोळी नेऊन ठेवलं होतं, म्हणून ती वाचली. उत्तरेश्वर त्या रात्री शेतात होता. घरात शेवंता एकटी होती. दोन वर्षांनी कमलबाई लग्न होऊन या घरात आल्या आणि मोनिकाच्या आई झाल्या. घरात जे काही होतं ते दगडाखाली गेलं होतं. शेवंताच्या माहेरी फोटो काढायची ऐपतच नव्हती.

"थोरल्या बाईंचा टाक हाय आमच्या देव्हाऱ्यात. चांदीचा," कमलबाई म्हणाल्या. "तीस वर्सं झाली, रोज हळद-कुंकू वाहते. सणाला पैला निवद त्येंचा. पर टाकावर काय असतंय, काका? दोन डोळं, एक नाक. समद्या टाकांची त्वांडं सारखीच. म्या कुनाला पुजते ते मलाच ठावं न्हाय. मालकास्नी दोनदा इचारलं, कशा दिसायच्या म्हून. ते उठून भाईर गेले. मग इचारलं न्हाय."

मोनिका खाली बघत होती. 

अर्पितानं कॉम्प्युटर सुरू केला. गाव, साल नव्वद, प्रसंग लग्न. तीन फोटो आले. त्यातलं एकही लग्न उत्तरेश्वरचं नव्हतं.

"नवरानवरीच्या जोडीच्या निगेटिव्ह मी ज्याच्या त्याला देऊन टाकायचो," आबा हळूच म्हणाले. "माझ्याकडं राहायचे ते मांडवातले घोळक्यातले फोटो. ते पाकीट मी वेगळं करायचो. त्याच्यावर 'वऱ्हाड' असं लिहायचो."

अर्पितानं प्रसंगाच्या जागी 'वऱ्हाड' निवडलं. राखाडी चौकोन. तिनं साल बदललं. राखाडीच. सगळ्या गावांचं, सगळ्या सालांचं वऱ्हाड राखाडी होतं. तिनं मोजले. चारशे बारा.

"मावशी, उद्या सकाळी याल का?" ती म्हणाली. "मी शोधते. नाही असं म्हणत नाही, पण आहेच असंही आत्ता सांगत नाही."

"तीस वर्सं थांबले, एक दिस काय," कमलबाई म्हणाल्या आणि मोनिकाचा हात धरून निघाल्या.

त्या गेल्यावर अर्पिता कामाला लागली. वऱ्हाडाची सगळी पाकिटं कैवल्यच्या ट्रंकांत होती. त्याच्या बाकीच्या फोल्डरमधले फोटो, शाळेचे, पूजेचे, बारशाचे, बिनतक्रार उघडत होते. वऱ्हाडाचंही फोल्डर तिथं होतं. तिला ते डोळ्यांनी दिसत होतं. त्यावर बोट ठेवलं तर उघडतही होतं. पण प्रोग्रॅमला विचारलं, 'वऱ्हाड' नावाचं फोल्डर आहे का, की उत्तर यायचं, नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाबद्दल विचारावं आणि दारातल्यानं सांगावं की इथं असा कुणी राहत नाही, तसं.

तिनं कैवल्यला फोन लावला.

"माझ्याकडं चालतंय," तो म्हणाला. "तुझी यादी, तुझाच प्रोग्रॅम. वऱ्हाडाचे सगळे दिसतायत. एक सांगू? तू फोल्डरचं नाव टाइप करू नकोस. तिथलंच उचलून चिकटव."

तिनं चिकटवलं. उघडलं. तोच शब्द पुन्हा स्वतः टाइप केला. नाही. तिनं दोन्ही शब्द एकाखाली एक ठेवले. वऱ्हाड आणि वऱ्हाड. काना, मात्रा, वळण, कशातही केसाइतकाही फरक नाही. तिनं कॉम्प्युटरला विचारलं, पहिल्यात किती खुणा आहेत? सहा. दुसऱ्यात? सात.

अर्पितानं खुर्ची पुढं ओढली.

तिनं एकेक खूण सुटी करून बघितली. व दोन्हीकडं सारखा. ह सारखा, काना सारखा, ड सारखा. फरक होता तो मधल्या पापणीसारख्या वळलेल्या अर्ध्या र मध्ये. तिच्या यादीत ते अखंड एक अक्षर होतं. कैवल्यच्या फोल्डरमध्ये त्याचे दोन तुकडे होते, साधा र वेगळा आणि त्याच्या खालचं टिंब वेगळं. स्क्रीनवर येताना ते तुकडे असे बेमालूम जुळायचे, की माणसाच्या डोळ्याला सांध दिसायची सोय नव्हती.

"मॅक नाव साठवताना अक्षर सोडवून ठेवतो," कैवल्यनं थोड्या वेळानं, माहिती वाचून, फोनवर सांगितलं. "दाखवताना जोडून दाखवतो. शोधताना दोन्ही एकच धरतो, म्हणून माझ्याकडं अडलं नाही. झिप करताना ती सुटी अक्षरं तशीच तुझ्याकडं आली. लिनक्स कशातच हात घालत नाही. जसं दिलं तसं ठेवतो."

अर्पितानं सगळी मुळाक्षरं तपासली. क पासून ज्ञ पर्यंत, ळ सुद्धा, सगळ्या काना-मात्रांसकट. आपण रोज लिहितो त्या मराठीत असं तुटणारं हे एकच अक्षर निघालं. आणि आबांनी इतकी वर्षं शाईनं पाकिटांवर लिहिलेल्या साऱ्या शब्दांत ते नेमकं या एकाच शब्दात होतं. पहिलीत असताना ती हे अक्षर पाटीवर गिरवायला शिकली होती. ते आतून असं दोन जिवांचं आहे, हे तिला आज कळत होतं. जगाच्या कुठल्यातरी टोकाला कुणी बसून तिच्या भाषेतल्या या चिमुकल्या वळणाचा एवढा विचार केला होता, त्याला एक आकडा दिला होता, ते तोडायचं कसं आणि जोडायचं कसं हे लिहून ठेवलं होतं. ती खुर्चीत मागं टेकली आणि नुसती बघत राहिली.

सुधारायला दोनच ओळी लागल्या. नावं जुळवण्याआधी दोन्हीकडची अक्षरं जोडून एकसारखी करून घ्यायची. तिनं प्रोग्रॅम पुन्हा चालवला. न सापडलेले फोटो: शून्य.

नव्वद सालचं वऱ्हाड आता एका बोटाच्या अंतरावर होतं. आबा मागून म्हणाले, "बघ की."

"नको. आधी त्यांनी बघू दे," अर्पिता म्हणाली आणि तिनं कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी, तीस तारखेला, सगळं गावच हॉलमध्ये आलं. पडदे ओढले होते. कमलबाई आणि मोनिका पुढं सतरंजीवर बसल्या. मुख्याध्यापकांनी चार शब्द बोलून घेतले, दोन मिनिटं सगळे उभे राहिले. मग अर्पितानं गाव निवडलं, साल निवडलं, प्रसंग निवडला.

भिंतभर मांडव उभा राहिला. चाळीसेक माणसं तीन रांगांत, मागं जुन्या घराची दगडी भिंत. मध्ये पाटावर उत्तरेश्वर, मुंडावळ्या बांधलेला, छाती पुढं काढून कॅमेऱ्याकडं रोखून बघणारा. त्याच्या शेजारी नवरी. तीही मुंडावळ्या बांधलेली, पण ती कॅमेऱ्याकडं बघत नव्हती. फोटोच्या कडेला एक शेळी घुसली होती आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याच्या उपरण्याचं टोक तिनं तोंडात धरलं होतं. म्हाताऱ्याला पत्ताच नव्हता. नवरीला दिसलं होतं. डोक्यावरचा पदर मागं सरकला होता आणि ती तोंड उघडून, दात दाखवून, खदाखदा हसत होती.

अर्पितानं तो चेहरा मोठा केला. भिंतीएवढा केला. तरी तो फाटला नाही. पापण्यासुद्धा मोजता येत होत्या.



"नवरीनं हसायचं नाही असा दंडक होता तेव्हा," आबा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "फोटो बिघडला म्हणून मी दुसरा काढला असणार. याची प्रिंट कुणालाच दिली नसणार. हा मी... हा मी काढलाय?"

कमलबाई उठल्या. भिंतीजवळ गेल्या. त्या चेहऱ्याच्या हनुवटीशी त्यांचं डोकं आलं. वर मान करून त्या बघत राहिल्या, आणि मग मागं वळून म्हणाल्या, "आगं, ही तर लेकरू हाय!"

त्या पुन्हा भिंतीकडं वळल्या.

"अठरा-एकोणीस वर्सांची पोर हाय ही. म्या हिला थोरल्या बाई म्हनते. रोज पाया पडते, म्हनते थोरल्या बाई, संबाळून घ्या." त्यांनी मोनिकाकडं पाहिलं. "मोने, तुझी लेक शोभंल की गं ही. म्याच संबाळायला पायजे व्हती हिला." त्यांनी दोन्ही हात त्या उजेडातल्या गालांवरून उतरवले, आपल्या कानशिलावर नेले आणि कडाकडा बोटं मोडली.

मोनिका जागची हलली नव्हती. तिचे डोळे भरून वाहत होते, पण ती ते पुसत नव्हती. "आई, ती हसतीय," ती म्हणाली. "मला कुणीच सांगितलं नाही ती हसायची म्हणून. तिचं नाव निघालं की सगळे रडायचेच. मला वाटायचं तिचा चेहरा रडवाच असंल."

कमलबाई येऊन तिच्याशेजारी बसल्या आणि दोघी खांद्याला खांदा लावून बघत राहिल्या.

अर्पितानं फोटो पुन्हा मूळ मापाचा केला. तेवढ्यात मागच्या रांगेतून काठी टेकत एक वृद्ध गृहस्थ पुढं आले. शरणप्पा त्यांचं नाव. त्यांनी काठीचं टोक भिंतीवर ठेवलं. "शेळीनं धरल्यालं उपरणं माझ्या चुलत्याचं. हा शेजारचा तात्या न्हावी. आन् ही मागं उभी हाय ती माझी बहीण."

"कुठली, शरणूमामा? नाव सांगा," अर्पिता म्हणाली आणि तिनं टाइप करायला सुरुवात केली.

मग एकेक जण उठू लागला. कुणी काठीनं, कुणी बोटानं, कुणी नुसतं लांबून, "त्यो फेटेवाला, त्याच्या डावीकडचा," असं सांगत होतं. बायका एकमेकींना दुरुस्त करत होत्या. जी तरुण मुलं भूकंपानंतर जन्मली होती ती पुढं येऊन आपल्या आज्यांना, पणज्यांना पहिल्यांदा बघत होती, आणि कुणीतरी कुणाला तरी ओरडून बोलावत होतं, "आरं ये, ये लवकर, तुझा आजा!" आबा खुर्चीत ताठ बसून प्रत्येक नावाला मान हलवत होते, जणू त्या दिवशी मांडवात कॅमेऱ्याच्या काचेतून ते या सगळ्यांना एकेक करून बघत होते.

फोटोत एक्केचाळीस माणसं होती. त्यातली सव्वीस त्र्याण्णव साली गेली. दुपारपर्यंत अडतीस नावं लिहून झाली. उरलेली तिघं कोण, हे त्या दिवशी कुणालाच सांगता आलं नाही. ती बहुधा बेंबळीकडची, नवरीच्या बाजूची असावीत. मोनिकानं त्यांचे चेहरे फोनमध्ये घेतले आणि ती संध्याकाळच्या एसटीनं आजोळी विचारायला गेली.